एक्स्टेन्शनचं चर्च

फ्रेमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक माणसांना चित्र नको असतं. त्यांना भिंत झाकायची असते. हे मला पहिल्या वर्षीच कळलं आणि त्यावरच आमचं दुकान आजवर चाललं आहे, त्यामुळे तक्रार करायचं कारण नाही.

मस्कतमध्ये बौशरला, एक फार्मसी आणि एक शिंपी यांच्या मधे हे दुकान आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, घरात बसून कंटाळले, हातात कमर्शियल आर्टची पदविका होती म्हणून इथे कामाला लागले. पुढे दुकान चालवणारे केरळी गृहस्थ गावी परत गेले, तेव्हा ज्यांच्या नावावर लायसन्स आहे ते आमचे ओमानी अर्बाब म्हणाले, “मॅडम, अब तुम चलाओ.” मी चालवते आहे. हाताखाली एक सुतार, एक काच कापणारा आणि सावंतवाडीचे गवस. गवस फ्रेमही ठोकतात आणि कुणाला हवी असेल तर चित्राची हुबेहूब नक्कलही करून देतात. दिवाळी अंकात लिहायचं म्हटल्यावर पहिलं नाव त्यांचंच आठवलं, पण त्यांच्याकडे शेवटी येते.

धंदा समजायला सोपा आहे. कागदावरचं चित्र असेल तर चारी बाजूंनी जाड पुठ्ठ्याचं माउंट आणि वर काच. माउंट शोभेसाठी असतं अशी लोकांची समजूत आहे. ते काच आणि चित्र यांच्यात हवा राहावी म्हणून असतं. नाहीतर इथल्या दमट उन्हाळ्यात चित्र काचेला चिकटतं आणि काच काढताना चित्रातली बाई निम्मी काचेबरोबर येते. कॅनव्हास असेल तर तो लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचा. त्याला काच लावत नाहीत. “पण मग धूळ बसेल ना!” असं सगळे म्हणतात. मी म्हणते, “पुसा.” हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं काम टांगण्याचं. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, एवढा साधा नियम. आपल्या लोकांना तो मंजूर नाही. आपण लहानपणापासून भिंतीवर दोनच गोष्टी पाहिलेल्या असतात, देव आणि हार घातलेले आजोबा. दोघांकडेही मान वर करून बघायचं असतं. त्यामुळे चित्रात कमळं असोत की घोडे, “अजून वर घ्या” हेच फर्मान. एका घरात मी अख्खा समुद्र एसीच्या शेजारी टांगून आले आहे. खाली उभं राहिलं की लाटा दिसत नाहीत, फ्रेमची खालची पट्टी दिसते. घरचे खूश आहेत.

एकदा रुस्ताकहून एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. “मॅडम, बिक्चर,” म्हणाले. अरबीत ‘प’ नाही. त्यामुळे इथे पार्किंगचं बार्किंग होतं, पेप्सीची बेब्सी होते आणि माझ्या दुकानात पिक्चरचं बिक्चर. इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला हे पहिल्या महिन्यात कळतं, आणि त्या दिवसापासून आपल्याला अरबी येतं असं त्याला वाटू लागतं. तर त्या गृहस्थांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं वडिलांचं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. तळहाताएवढं, फोटोतला माणूस कॅमेऱ्याला घाबरलेला. त्याला त्यांना दाराएवढी सोनेरी फ्रेम हवी होती. मी म्हटलं, “चाचा, छोटी फ्रेम अच्छी दिखेगी.” ते म्हणाले, “मेरा बाबा छोटा नहीं था.” मी दाराएवढी फ्रेम करून दिली. मधे मखमल, मखमलीच्या मधोमध ते लायसन्स. कुठल्या चित्राला काय जागा द्यायची हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऋजुता देवधर सोफ्याची उशी घेऊन आली.

देवधर मंडळी पुण्याची. मिलिंद देवधर एका मोठ्या कंपनीत जनरल मॅनेजर. कंपनी आता बांधकाम, गाड्या, सगळ्यात आहे, पण सुरुवात तिची इथल्याच मत्राहच्या बाजारातल्या डाळ-तांदळाच्या वखारीपासून झालेली, आणि ती वखार चालवणाऱ्यांचा मुलगा आता चेअरमन. ऋजुता घर सांभाळते, म्हणजे घरातलं सगळं एकमेकांना मॅच होतं की नाही ते सांभाळते. मुलगी सानिका अकरावीत. आणि तेव्हा देवधरांची आई पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आलेली होती.

“नीलिमाताई, ह्या निळ्यात काहीतरी अर्थपूर्ण हवंय,” ऋजुतानं उशी काउंटरवर ठेवली. “मोठं. हॉलच्या मेन भिंतीवर. आणि पॅरिसचं.”

“आयफेल टॉवर तयार आहे.”

“छे हो! तो ब्यूटी पार्लरमध्ये असतो.”

तेवढ्यात गाडी लावून देवधर आत आले. दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“वहिनी, कुणाला बोलू नका. मला साठ पूर्ण होतायत. एक्स्टेन्शन चेअरमनच्या हातात आहे. येत्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांना घरी जेवायला बोलावलंय.”

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की घर, गाडी, मुलांची शाळा सगळं एकदमच संपतं. निवृत्त होऊन बाल्कनीत झोपाळा टांगायची सोय इथे नाही, विमानतळावरच जायचं. देवधरांना मुलगी उशिरा झालेली. एक्स्टेन्शन नाही मिळालं तर सानिकाला अकरावीतून उठून पुण्याला जायचं आणि बारावी भलत्याच कॉलेजात, अनोळखी मुलांत करायची. एवढं सगळं एका जेवणावर होतं.

“पण पॅरिस कशाला?” मी विचारलं.

“चेअरमन तरुणपणी तिथे होते!” देवधर जवळजवळ कुजबुजले. “ऑफिसात कोणालाच माहीत नाही. परवा गाडीत स्वतः मला म्हणाले, आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तिथले. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, कारण ‘प’ त्यांना म्हणता येत नाही. त्यात गाडीचा एसी घोंघावत होता. पण मी पकडलं.”

पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग मी त्यांना कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. शंभरएक वर्षांपूर्वी एका फ्रेंच चित्रकारानं आपल्या खिडकीतून दिसणारं नोत्र दाम रंगवलं होतं, पॅरिसचं ते जगप्रसिद्ध चर्च. त्या आधी आणि नंतर हजारांनी ते रंगवलं, त्यातली खिडकी न् खिडकी, मूर्ती न् मूर्ती. या माणसानं काय केलं, तर सगळा कॅनव्हास निळा करून टाकला. त्यावर काळ्या रेघांनी दोन बुरुजांचा एक ठोकळा. बाजूला हिरवा फटकारा, ते झाड. ठोकळ्यावर कुठेकुठे फिकट गुलाबी, जणू रंग पुरला नाही म्हणून सोडून दिलेलं. काही रेघा काढून पुन्हा खरवडलेल्या, आणि त्या खरवडलेल्या खुणा तशाच ठेवलेल्या. मला ते चित्र फार आवडतं. पाहता पाहता त्या निळ्यात संध्याकाळ होते. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण माल खपवतोय.

देवधर स्क्रीनकडे बघत राहिले. “हे पूर्ण आहे?”

“पूर्ण आहे.”

“म्हणजे नंतर खिडक्या वगैरे...?”

“नाही.”

ऋजुतानं उशी उचलून स्क्रीनला लावली. “मॅच होतंय, मिलिंद.”

ऑर्डर पक्की झाली.

गवसांनी आयुष्यात खूप नकला केल्या होत्या. राजे, हत्ती, फळांच्या परड्या, अरबी घोडे, एका दंतवैद्याच्या सासूबाई. या चित्रापुढे मात्र ते पहिल्यांदाच अडले. कॅनव्हास निळा केला, रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. मग ब्रश कानावर ठेवून मला हाक मारली.

“मॅडम, एक इचारू? हत्तीक चार पाय झाले की हत्ती झालो. पण ह्या पुरा झाला काय नाय, ता कसा कळतला?”

हा प्रश्न मोठमोठ्या पुस्तकांतून लोकांनी विचारला आहे आणि उत्तर कुणी नीट दिलेलं नाही. मी म्हटलं, “मूळ चित्रासारखं दिसलं की थांबा.”

“ता माका कळता ओ. पण त्येका कसा कळला?”

“गवस, सोमवारी द्यायचंय.”

“बरा,” म्हणाले आणि परत निळ्यात शिरले. काम उत्तम झालं. खरवडलेल्या खुणासुद्धा त्यांनी ब्रशच्या उलट्या टोकानं मन लावून खरवडल्या.

सोमवारी आम्ही देवधरांकडे चित्र टांगायला गेलो. भिंत काँक्रीटची, चित्र जड, म्हणून दोन ठिकाणी ड्रिल करून दोन हुक. देवधर “अजून वर” म्हणाले, मी “नाही” म्हटलं. ऋजुतानं काच नाही का, धूळ बसेल असं विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. सानिका लेव्हलची पट्टी धरून उभी होती. तिचं मराठी इथल्या सगळ्या मुलांसारखं, वाक्य सुरू होतं एका भाषेत आणि उतरतं दुसऱ्या.

“काकू, हा चित्र वर्क व्हायला पाहिजे,” ती हळूच म्हणाली. “नाहीतर मला मिड-वे शिफ्ट व्हावं लागेल. माझे सगळे फ्रेंड्स इथे आहेत. पुण्यात मला कोणी ओळखत पण नाही, ओन्ली रिलेटिव्ह्ज.”

जेवणाच्या टेबलाशी देवधरांच्या आई वाती वळत बसल्या होत्या. ड्रिलचा आवाज थांबल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला.

“कुठलं गं देऊळ हे?”

“आजी, ते नोत्र दाम आहे,” सानिका म्हणाली.

“काय दाम? दामोदर?”

“हां, तसंच काहीतरी.”

मी शिडीवर होते, तोंडात स्क्रू होते. नाहीतर तेव्हाच बोलले असते.

शुक्रवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले होते तर ऋजुताचा फोन. आधी नुसतं रडणं, मग, “ताई, आईंनी चित्राला हळदीकुंकू लावलं!”

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले. गवसांना फोन लावत होते. ते शुक्रवारी शहराबाहेर, अमेरातच्या मैदानावर क्रिकेट खेळतात आणि फोन पिशवीत, पिशवी सीमारेषेबाहेर.

देवधरांच्या हॉलमध्ये चित्रासमोर आई सोडून सगळं कुटुंब रांगेत उभं होतं. दोन बुरुजांच्या बरोबर मधे, त्या फिकट गुलाबी जागेवर हळद आणि खाली कुंकू. नुसतं तेवढं असतं तरी ठीक होतं. पण ऋजुतानं ओल्या फडक्यानं ते पुसलं होतं. त्यामुळे ठिपक्याचा हातभर केशरी फराटा झाला होता.

“पुसलंस कशाला?”

“तुम्हीच म्हणालात ना, पुसा!”

“मी धूळ म्हणाले होते. हळद म्हणजे रंग. ती कॅनव्हासमध्ये मुरते. आता कोणी हात लावू नका.”

आई सोफ्यावर बसल्या होत्या आणि जराही ओशाळलेल्या नव्हत्या. “आज शुक्रवार. देवांना लावलं, उंबऱ्याला लावलं, मग दामोदराला नको? दोन दीपमाळा दिसतायत, मधे गाभारा. सोमवारपासून बघतेय, कोणी एक फूल वाहिलं नाही.”

“आई, ते चर्च आहे!” देवधर ओरडले.

“चर्च?” त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. “मग आधी नाही सांगायचं? रोज सकाळी आंघोळ करून नमस्कार करतेय मी. तरी म्हटलं, कळस कसा नाही. काम अर्धवट राहिलंय का काय.”

“वहिनी, काहीतरी करा,” देवधर माझ्याकडे वळले. “येणारा माणूस मुसलमान, भिंतीवर चर्च, चर्चवर हळदीकुंकू. काय समजतील ते? आपण कोणाची चेष्टा करतोय असं वाटेल. आणि मी त्यांना सांगून बसलोय, तुमच्या जुन्या दिवसांची एक आठवण आमच्या घरी आहे म्हणून!”

चित्र उतरवलं तर मेन भिंतीवर दोन हुक आणि बाकी शून्य. वर रंग लावावा तर तो निळा फक्त गवसांनाच जमतो. माझ्यापुढे एकच मार्ग होता, जो या धंद्यात शेवटी नेहमीच उरतो. मी कोपऱ्यातली पामची मोठी कुंडी ओढली आणि चित्रासमोर अशी ठेवली की एक पान बरोबर फराट्यावर येईल. लांबून बरं दिसत होतं. पॅरिसमध्ये ताडाची झाडं आली होती, पण ते खपून गेलं असतं.

आईंना स्वयंपाकघरात बसवलं आणि बाहेर येऊ नका असं सांगितलं. मी पिशवी भरत होते तोच बेल वाजली. चेअरमन ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी आले होते. इथल्या माझ्या सगळ्या वर्षांत वेळेआधी आलेला हा एकमेव पाहुणा, आणि तो नेमका त्या दिवशी.

पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला फेटा, हातात बारीक काठी, वय पंच्याहत्तरच्या पुढचं. माझ्या हातात ड्रिल बघून ते थबकले. “अवर इंटिरियर कन्सल्टंट,” देवधर म्हणाले. मी ड्रिलसकट मान लववली.

देवधर इंग्रजीत बोलत होते, चेअरमन हिंदीत उत्तर देत होते. इथल्या जुन्या पिढीतल्या पुष्कळ ओमानींना हिंदी येतं. पाच मिनिटं खुशाली झाली. मग देवधरांनी घसा साफ केला, एक पाऊल मागे घेतलं आणि नाटकाचा पडदा उघडावा तसा हात भिंतीकडे केला.

चेअरमननी चित्राकडे पाहिलं. “ये कौन सा बिल्डिंग है?”

“सर, नोत्र दाम! बारीस!” देवधरांनी सोय म्हणून त्यांच्याच उच्चारात सांगितलं.

“बारीस?”

“युअर यंग डेज, सर!”

“मैं बारीस कभी नहीं गया,” चेअरमन म्हणाले.

ऋजुतानं हातातला ट्रे खाली ठेवला. जेवणात कांद्याचं फ्रेंच सूप होतं, अंड्याशिवायची कीश नावाची चीजची खारी टार्ट होती, मैद्याचे क्रोसाँ होते. सगळं पॅरिस स्वयंपाकघरात गरम होत होतं आणि पाहुणा तिथे कधी गेलाच नव्हता. सानिका जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

चेअरमनना मात्र दुसरंच काही दिसलं होतं. ते चित्राजवळ गेले. काठीच्या टोकानं पामचं पान बाजूला केलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकले. किती वेळ वाकून होते! देवधर माझ्याकडे बघत होते, मी छताकडे.

“ये तो हल्दी है,” ते म्हणाले. मग बोट न लावता खालचं दाखवलं. “और ये कुंकू.”

कुमकुम नाही, सिंदूर नाही. कुंकू. स्वच्छ मराठी.

“सर, वी कॅन एक्स्प्लेन...”

“किसने लगाया? बारशी में ऐसे ही लगाते थे. रोज सुबह. बहले कांटे को, फिर डाल की बोरी को. फिर सेठानी मेरे बीछे आती थी, मेरे को लगाने. मैं भागता था.” ते हसायला लागले. “तुमको गाडी में बोला था ना? बारशी! सोलाबूर के बाजू में!”

अरबांना ‘प’ म्हणता येत नाही हे शंभर टक्के खरं आहे. पण त्यांनी ‘ब’ म्हटलं की दर वेळी ‘प’च म्हणायचं असतं असं नाही. कधीकधी माणसाला ‘ब’च म्हणायचं असतं. बार्शी पुण्यापासून काही तासांवर आहे, आणि पुण्याच्या माणसाला ती ऐकू आली नव्हती. सुखाचे दिवस म्हटल्यावर त्याच्या डोक्यात बार्शी येणं शक्यच नव्हतं.

हकिगत अशी, की मत्राहच्या वखारीत येणारी तूरडाळ बार्शीच्या एका आडत्याकडची. तेव्हा इथे शाळा नावालाच होत्या. वडिलांनी पोराला हिशेब आणि धंदा शिकायला त्या आडत्याच्या घरी ठेवलं होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. “बार्शी? कोण म्हणालं बार्शी? अगंबाई, माझ्या मधल्या जाऊबाईंचं माहेर बार्शीचं!”

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचं नाव काढा, आपल्या म्हाताऱ्या बायकांचं कोणीतरी तिथे दिलेलं असतं किंवा तिथून आणलेलं असतं. आई सरळ बाहेर आल्या आणि चेअरमनच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

“बसा. उभे का? बार्शीला कोणाकडे होता म्हणालात?”

त्यांनी आडत्याचं नाव सांगितलं. आई विचारात पडल्या. “नाही बाई, ते नाही माहीत. पण असतील. भाकरी खात होता ना तिथे?”

“भाकर!” चेअरमन खुर्चीतच पुढे सरकले. “भाकर, और वो... लाल... शेंगा चटनी!”

“आहे की. मला हे सूप-बिप चालत नाही, मी माझ्यापुरतं केलंय.”

“आई!” ऋजुता दातांतल्या दातांत म्हणाली.

“आई काय? माणूस मागतोय.”

मला निघायला हवं होतं, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही निघायचं नव्हतं. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, शेंगांची चटणी, कांदा. चेअरमननी फ्रेंच चिनीमातीच्या बशीत भाकरी चुरली. कीश तशीच राहिली. ती नंतर मला डब्यात मिळाली. चांगली होती.

जेवता जेवता त्यांनी सानिकाला विचारलं, “बेटी, कौन सी क्लास?”

“इलेव्हन्थ, अंकल. मुझे ट्वेल्फ्थ इधरही करनी है,” सानिका म्हणाली. मग आईबाबांकडे न बघता एका दमात, “इफ बाबा कॅन स्टे.”

कित्येक दिवस जे शब्द चांदीच्या ताटातून, निळ्या चित्रातून, सूपमधून द्यायचे ठरले होते, ते पोरीनं मिठाच्या भांड्यासारखे टेबलावर ठेवले.

चेअरमननी घास खाली ठेवला. “मुझे बारशी में और रहना था,” ते म्हणाले. “दोस्त थे. बाबा ने बीच में बुला लिया. जहाज में मैं मस्कत आने तक रोया. किसी को बीच में से उठाना अच्छा नहीं.” मग देवधरांकडे बघून, “इन्शाल्ला.”

इन्शाल्ला या शब्दावर इथल्या प्रत्येक भारतीयाचं एक मत असतं. तो ‘हो’ असू शकतो, ‘बघू’ असू शकतो आणि फार सभ्यपणे म्हटलेला ‘नाही’ही असू शकतो. देवधर कुटुंबानं पुढचा अख्खा आठवडा त्या एका शब्दाचा उच्चार आठवण्यात घालवला. शेवटचा स्वर लांब होता की आखूड, मान हलली होती की नाही. मला दोनदा फोन आला, साक्षीदार म्हणून. मी सांगितलं, त्यांच्या तोंडात भाकरी होती, स्वरावरून काही ठरवता येणार नाही.

दहाएक दिवसांनी सानिका दुकानात पळतच आली. “काकू, झाला! टिल माय बोर्ड्स!” तिनं मला मिठी मारली, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला आणि जाताना दारात थांबून म्हणाली, “झालं. झाला नाही, झालं ना?”

“झालं,” मी म्हटलं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मस्कतमधल्या मराठी घरांत ती वेगळीच होऊन फिरली. देवधरांनी सगळ्यांना सांगितलं, त्यातून बार्शी गळाली, भाकरी गळाली, गाडीतला ‘ब’ तर गळणारच होता. उरलं ते एवढंच, की चेअरमन त्या चित्रासमोर खिळून राहिले आणि एक्स्टेन्शन मिळालं. ‘आर्टचा इम्पॅक्ट,’ देवधर म्हणतात. अर्थात ते खिळून राहिले होते हे खोटं नाही. इतकं जवळ जाऊन, इतका वेळ कुणी आमचं चित्र पाहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. फक्त त्यांना चित्र दिसत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं खिडकीत उभं राहून जे निळं केलं, ते त्या खोलीत कोणीच पाहिलं नाही. एकीनं उशी पाहिली, एकानं पॅरिस, एकीनं दामोदर, एकानं बार्शी. याचं मला थोडं वाईट वाटतं. फार नाही. ऑर्डरी यायला लागल्यावर तर वेळच उरला नाही.

आधी देवधरांच्या ऑफिसातले दोघं आले, त्यांची साठी जवळ आलेली. मग एका बँकेतले गृहस्थ. मग एक बाई, नवऱ्याला अजून पंचावन्नच झाली होती, पण आधीच लावून ठेवलेलं बरं म्हणाल्या. उशी कोणाच्याच हातात नव्हती. सगळ्यांना तेच हवं होतं, ‘ते एक्स्टेन्शनचं चर्च’. आणि प्रत्येकजण जाता जाता काउंटरवर वाकून एकच गोष्ट विचारून घ्यायचा, “ते मधे केशरी आहे ना, ते येईल ना? देवधरांच्यात आहे तस्संच?”

मी गवसांना सांगितलं. ते केशरी रंग मिसळायला बसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी घरून हळदीची पुडी आणली. कॅनव्हास निळा करायचा, रेघा मारायच्या, खरवडायच्या, झाड फटकारायचं. शेवटी ब्रश खाली ठेवून, उजव्या हाताची दोन बोटं हळदीत बुडवून बुरुजांच्या मधे टेकवायची, खाली कुंकू, आणि वरून ओलं फडकं एकदाच फिरवायचं.

परवा असंच एक संपवून ते मागे सरकले, हात पुसले आणि माझ्याकडे वळले.

“मॅडम, माझा उत्तर गावला.”

“कसलं?”

“पुरा झाला ता कसा कळता, ता. आता कळता,” गवस म्हणाले. “हळद लागली, की पुरा झाला.”